झिपऱ्या गवताचे बारा ठोंब

११ नोव्हेंबर

बागवाली,

सकाळी सात. पारा स्थिर. वारा पश्चिमेचा, हलका. पाऊस नाही.

एकतीस वर्षं हवामान खात्यासाठी रोज दोनदा हेच वहीत लिहिते आहे. पत्राची सुरुवात दुसऱ्या कशाने करायची ते आता सुचतच नाही. तुझ्या नवऱ्याला याचं फार हसू यायचं. "आई, तू पत्र मला लिहितेस की ढगांना?" असं विचारायचा.

तो गेल्यावर तू इथे आठ दिवस राहिलीस आणि आपण दोघी आठ वाक्यंही बोललो नाही. तू भांडी घासायचीस, मी पुसायची. पुसून ठेवलेली भांडी तू पुन्हा घासायला घेतलीस हे मी पाहिलं. म्हटलं, घासू दे.

एक गोष्ट तेव्हा सांगायची राहिली. आपला उशिऱ्या तीन वर्षांनी घरी आला तो केवळ मला भेटायला. आईची फार आठवण आली म्हणाला. पोटातून पंधरा दिवस उशिरा आला म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं आणि त्याने ते जन्मभर इमानाने सांभाळलं, तरी या वेळी उशिरा का होईना, आला. मग जाता जाता म्हणाला, आता आलोच आहे तर तिच्या बागेसाठी थोडं झिपरंही नेतो. म्हणून आम्ही दोघांनी उतारावरचं गवत खणलं. पण आला होता मला भेटायला. हे तू मनात नीट ठेव. मी त्याच्यावरच दिवस काढते आहे.

घाटाखालच्या पोलीस चौकीतून गवताची पोती मिळाली का? ठोंब हिरवे असतील तर लाव. थंडीत मुळं तीन-चार आठवडे तग धरतात. एका ठोंबाला मी लाल लोकरीचा धागा बांधला आहे. तो आपल्या दारातला. लहानपणी मार चुकवायला उशिऱ्या त्याच्यामागे लपायचा आणि त्याचे दोन्ही पाय बाहेर दिसायचे. मी मुद्दाम सगळं घर शोधून यायची.

जेवत जा.

आई

*

२७ नोव्हेंबर

आई,

नमस्कार. हात मातीचे आहेत, कागदावरच्या डागांकडे लक्ष देऊ नका.

पोती मिळाली. चौकीवरच्या शिपायाने घड्याळ, पाकीट आणि जाकीट यांच्यासाठी माझी सही घेतली आणि मग कोपऱ्यातल्या बारा पोत्यांकडे बघून विचारलं, "हे गवत फेकून द्यायचं ना?" मी नाही म्हणाले. तो माझ्याकडे बघतच राहिला. नंतर स्वतः उचलून गाडीत ठेवली बिचाऱ्याने.

बाराही ठोंब लावले. नव्या इस्पितळाचा आतला चौक आहे. चारी बाजूंनी खिडक्या, मध्ये उघडं आकाश. आमच्या उद्यान खात्याच्या साहेबांना तिथे रोपवाटिकेतलं पट्ट्यापट्ट्यांचं परदेशी गवत हवं होतं. मी चार पानी टिपण लिहून दिलं होतं की आपल्याच डोंगरातलं गवत लावा. त्याला पाणी थोडं लागतं, खत लागत नाही आणि जरा वारा आला की ते हलतं. खाटेवरून उठता न येणाऱ्या माणसाला खिडकीतून हलणारं काहीतरी दिसायला हवं. साहेब म्हणाले, "गवत उपटायला पगार मिळतो तुम्हाला, लावायला नाही." पण सही केली.

लाल धाग्याचा ठोंब बरोबर मधोमध लावला आहे. वरच्या खिडकीत एक म्हातारे शिंपी असतात, पायाचं हाड मोडलेले. पहिल्याच दिवशी ओरडून विचारलं, "बाई, ही कुणाची डोकी पुरताय?" मी किती दिवसांनी हसले. मग तिथेच मातीत बसून रडले. त्यांनी खिडकी हळूच लावून घेतली.

हो आई. तो तुम्हालाच भेटायला आला होता. निघताना मलाही तेच म्हणाला. गवताचं मी आपलं सहज बोलून गेले होते.

याची निगा कशी राखायची ते लिहा. आमच्याकडे शोभेच्या सगळ्या गवतांना एकच नियम लावतात, पण हे तुमचं आहे, तुम्हालाच ठाऊक.

तुमची बागवाली

*

१६ डिसेंबर

बागवाली,

सकाळी सात. पारा उतरतो आहे. वारा उत्तरेचा. रात्रीत वीतभर बर्फ.

टपालाची गाडी उद्या येईल ती शेवटची, मग घाट बंद. म्हणून घाईत लिहिते.

झिपऱ्याची निगा म्हणजे त्याला हात न लावणं. हिवाळ्यात ते वाळतं, गवताच्या गंजीसारखं पिवळं पडतं. बघणाऱ्याला वाटतं, मेलं. मेलेलं नसतं. वरची वाळकी पाती म्हणजे त्याचं पांघरूण. आतला गाभा त्यांच्याखाली कोरडा राहतो, पावसाबर्फाचं पाणी वरच्यावर ओघळून जातं. फार झिपऱ्या झाल्या तर उन्हाळ्यात बोटांनी विंचर, पोरीचे केस विंचरावेत तसं. सुटेल तेवढं सोडव, अडेल ते राहू दे.

विळा, कात्री काहीही लावू नकोस. बाकी विसरलीस तरी चालेल, एवढं विसरू नकोस. छाटलं की मेलं.

इथे सगळीकडे पांढरं आहे. त्याच्या समाधीच्या दगडावरचा बर्फ मी रोज झाडते. उगीचच, पण झाडते.

आई

*

१८ फेब्रुवारी

आई,

तुमचं पत्र नाही. घाट बंद असल्याचं टपाल कचेरीत कळलं, म्हणजे हेही पत्र घाट उघडेपर्यंत तिथेच पडून राहणार. तरी लिहिते. कुणाशी बोलायचं म्हटलं तर तुम्हीच आहात.

घरी मी त्याची बाजू झटकत नाही. उशी तशीच आहे. आठ वाजून गेले की अजून वाटतं, आता येईल आणि उशीर का झाला याची नवी गोष्ट सांगेल. एकदा म्हणाला होता, वाटेत एक कासव रस्ता ओलांडत होतं. मी विचारलं, दोन तास? तर म्हणे, ते परतही आलं.

गेल्या आठवड्यात तर घरात बसवेना. खात्यात फेब्रुवारी म्हणजे छाटणीचा महिना. शोभेचं गवत जमिनीपासून चार बोटं ठेवून कापायचं, म्हणजे वसंतात नवं हिरवं येतं. बावीस वर्षं हेच करते आहे. आपलं झिपरंही पार वाळलं होतं. शिंपीबुवांनी वरून हाक मारली, "बाई, डोकी पिकली!" मी कात्री घेतली आणि बाराही ठोंब गोल, सारखे कापून काढले. लाल धागा तेवढा जपून ठेवला, बुंध्याला पुन्हा बांधला. दोन तास डोक्यात एकही विचार आला नाही, आई. चार महिन्यांत पहिल्यांदा. हात चालत असले की बरं वाटतं.

साहेब येऊन बघून गेले. "आता कुठे बाग वाटते आहे," म्हणाले.

हिरवं आलं की पहिलं तुम्हाला कळवीन.

तुमची बागवाली

*

२९ मार्च

बागवाली,

सकाळी सात. पारा वर. वारा नाही. घाट काल उघडला.

तुझं पत्र मिळालं आणि माझ्या पत्राची हकिगतही त्याबरोबरच कळली. डिसेंबरातली टपालाची गाडी उतरताना बर्फात अडकली आणि पिशवी मधल्या चौकीत तीन महिने पडून होती. माझं पत्र तुला आता मिळालं असेल. वाचल्यावर तुझं काय झालं असेल ते इथून दिसतं आहे.

रडून झालं असेल तर ऐक. उपटू नकोस. पाणी घालू नकोस, खत तर मुळीच नको. जूनपर्यंत थांब. क्वचित एखादा ठोंब कडेने फुटतो. मी एकदा पाहिलं आहे.

लाल धाग्याचा वाचला तर त्यातली एक मूठ मला पाठव. त्याच्या दगडाशेजारी लावायची आहे. खणताना आमचा एक नियम असतो. ठोंबाचा तिसरा हिस्सा खड्ड्यातच ठेवायचा, म्हणजे जागा पुन्हा भरते. अकरा ठोंबांचा मी ठेवला. दारातल्याचा नाही ठेवला. उशिऱ्या म्हणाला, "आई, हा अख्खा दे. मी कुठे लपायचो ते तिला दाखवायचं आहे." मग मी मुळासकट दिला. आता दारात खड्डा आहे आणि त्यात बर्फाचं पाणी साठलं आहे.

नाहीच वाचला, तरी कळव. गोड करून सांगू नकोस.

आई

*

४ जून

आई,

एकही वाचला नाही.

गेल्या आठवड्यात लाल धाग्याचा ठोंब हलवून पाहिला, तो अलगद हातात आला. मुळं काळी पडली आहेत, आत नुसता भुसा. छाटल्यावर पावसाचं पाणी सरळ गाभ्यात शिरलं असणार. तुमचं डिसेंबरातलं पत्र दोन एप्रिलला मिळालं. "छाटलं की मेलं." ते मी चौकातच उभी राहून वाचलं.

आणखी एक सांगते, म्हणजे मी कशी आहे ते तुम्हाला कळेल. रोपवाटिकेत दिसायला अगदी तसंच एक गवत मिळतं. मी ते आणलं. मेलेल्या ठोंबाचा लाल धागा सोडून त्याला बांधला, ओल्या गोणपाटात गुंडाळलं, वर तुमचा पत्ता लिहिला. तुम्ही ते त्याच्या दगडाशेजारी लावलं असतंत. दोन दिवस पुडकं दाराशी होतं. मग सोडलं. पात्याला नुसतं बोट लावून तुम्ही ओळखलं असतं म्हणून नव्हे. तुम्ही ओळखूनही काही बोलला नसतात म्हणून.

आता खरं सांगते. तो तुम्हाला भेटायला आला नव्हता. मी त्याला गवत आणायला पाठवलं होतं. बारा पोती मी घडी घालून दिली, कुदळ मी घेऊन दिली. इस्पितळाचं उद्घाटन ऑक्टोबरच्या पंचवीसला होतं, म्हणून वीस तारखेला ठोंब जमिनीत जायला हवेत असं मी त्याला बजावलं होतं. गाडीत बसला तेव्हा खिडकीशी जाऊन म्हणाले, "जन्मात एकदा तरी वेळेवर ये. सगळ्या खात्यापुढे माझं हसं करू नकोस." शेवटचं बोलणं हे. सांभाळून जा, असंही म्हणाले नाही.

आणि ते उद्घाटन, आई, पुढे ढकललं गेलं. पाहुण्यांना सवड नव्हती. महिनाभर चौक तसाच मोकळा पडून होता.

धुक्यात तो निघाला तो माझ्या वीस तारखेसाठी, आणि घाटात गाडी घसरली. त्याला मी मारलं आणि त्याने जे आणलं तेही मीच मारलं, तेही कात्रीने, नीट, चार बोटं ठेवून. तुम्हाला एवढाच आधार होता की तो तुमच्यासाठी आला. तोही आज काढून घेतला. गोड करून सांगू नकोस म्हणालात, म्हणून.

मला पत्र लिहू नका, किंवा लिहा. मला काही कळत नाही.

बागवाली

*

१५ जून

बागवाली,

आज हवेचं शेवटी लिहीन.

भेटायला येणारा माणूस कुदळ आणि बारा पोती घेऊन येतो का गं? तो गाडीतून उतरला तेव्हाच मी समजले. त्यानेही लपवलं नाही. "बागवालीचं काम आहे," असं म्हणाला, आणि तुझं चार पानी टिपण मला वाचून दाखवलं. खाटेवरच्या माणसाला हलणारं काही दिसावं, हे वाक्य त्याने दोनदा वाचलं. केवढा अभिमान होता त्याला. मला भेटायला आला होता हे मी रचलं. आठ दिवस तू भांडी घासत होतीस तेव्हा तुझ्या मनात काय चाललं आहे ते मला दिसत होतं. म्हटलं, हिला असं वाटलं की तो माझ्यासाठी आला, तर हिचं ओझं थोडं हलकं होईल. मी तुझ्यासाठी खोटं बोलले आणि तू माझ्यासाठी ते खरं मानल्याचं दाखवलंस. दोघी चांगल्याच शहाण्या.

पण माझं दुसरंही एक आहे. ते मी तुझ्यासाठी लपवलं नव्हतं.

अठरा तारखेला दुपारी तीनपर्यंत ठोंब पोत्यांत भरून झाले. तो म्हणाला, "आई, आत्ताच निघतो. उजेड आहे तोवर घाट उतरेन." रस्ता कोरडा होता, आकाश मोकळं होतं. मी पारा बघायला आत गेले. हवेचा दाब सकाळपासून घसरत होता आणि तेवढ्या वेळात आणखी घसरला. पहाटे धुकं येणार आणि वळणांवर बर्फाचा पातळ थर धरणार, हे या डोंगरात माझ्याइतकं कुणालाही कळलं नसतं. मी बाहेर आले आणि म्हणाले, "दमला आहेस, उद्या जा. उद्या अगदी निरभ्र असेल."

मला वाटलं, सकाळी धुकं बघून तो थांबेल. घाट एकदा बिघडला की दोन-तीन दिवस बिघडतो. तीन वर्षांनी आला होता, मला ते दोन-तीन दिवस हवे होते. त्याच्या आवडीचं काय काय करायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं.

सकाळी खरंच धुकं होतं. मी म्हणाले, थांब. तो हसला. म्हणाला, "तू चुकलीस आई, पहिल्यांदाच! पण जातो. तिला शब्द दिला आहे. एकदा तरी वेळेवर जाऊन तिला चकित करतो." त्याला धुकं दिसत होतं, बर्फ दिसत नव्हता. मी तेव्हाही सांगितलं असतं तर तो थांबला असता. पण मग काल मला ठाऊक होतं हे उघड झालं असतं. मुलापुढे खोटी पडायची मला लाज वाटली. "हळू जा," एवढंच म्हणाले. गाडीचा आवाज तिसऱ्या वळणापर्यंत ऐकू येतो. मी दारात उभी राहून ऐकला.

त्या संध्याकाळचा आकडा वहीत आहे तसा खरा लिहिलेला आहे. वहीत मी कधी खोटं लिहिलं नाही. तोंडाने एकदाच बोलले.

तुझी वीस तारीख नसती तर तो थांबला असता. माझं खोटं नसतं तर तो आदल्या दिवशीच तुझ्यापाशी पोचला असता, आणि ते लवकर म्हणून तूच घाबरली असतीस. यात कुणाचा वाटा किती, याचा विचार मी सगळा हिवाळा केला. काही हाती लागलं नाही. नुसता तो नाही, एवढंच राहतं.

आता तू मला लिहिणार नाहीस. मी तुझ्या जागी असते तर लिहिलं नसतं.

संध्याकाळचे सहा. पारा स्थिर. वारा नाही.

आई

*

९ सप्टेंबर

आई,

मधल्या काळात चार पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात जे लिहिलं होतं ते तुम्ही वाचू नये म्हणून नुसतं फाडलं नाही, भिजवून मातीत पुरलं. हवा वाचायची हे तुमचं काम! परके लोकही तुम्हाला विचारून घाट उतरतात, आणि पोटच्या पोराला तुम्ही... असं पुष्कळ होतं त्यात. दुसऱ्यातही तेच होतं, शब्द जरा बरे होते.

राग अजून आहे. गेला असं म्हणणार नाही. तुम्हीच म्हणालात, गोड करून सांगू नकोस.

पण जुलैत एक झालं. शिंपीबुवा परत इस्पितळात आले, या वेळी पाय नव्हे, छाती. चौकात आता साहेबांचं पट्ट्यांचं गवत आहे. ते ताठ उभं असतं, हलत नाही. बुवांनी विचारलं, "बाई, ती डोकी कुठे गेली? माझा वेळ बरा जायचा." मी सांगितलं, मी कापली, मेली. ते उशीवरून जरा वर सरकले. मग म्हणाले, "मुद्दाम?" मी म्हटलं, नाही हो, मला वाटलं त्याने ती वाढतील. त्यांनी मान हलवली. ऑगस्टमध्ये त्यांची खाट रिकामी झाली.

त्या दिवशी घरी येऊन मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. दोन-तीन दिवस हवे होते, असं तुम्ही लिहिलं आहे. मला आत्ता दोन मिनिटं मिळाली असती तरी मी काय काय खोटं बोलले असते, आई! धुकं आहे म्हणाले असते, पूर आला म्हणाले असते, रस्ताच वाहून गेला म्हणाले असते. हे एवढं वाक्य लिहायला मला तीन महिने लागले.

लाल धाग्याचा ठोंब मी टाकला नाही. धागा परत त्यालाच बांधून, कुंडीत घालून खिडकीत ठेवला आहे. मेलेला आहे हे मला कळतं, बागेत जन्म गेला माझा. पाणी घालत नाही. नुसता समोर असतो.

साहेबांना काय वाटलं कोण जाणे, परवा म्हणाले, चौकाचा एक कोपरा देतो, तुमचं ते डोंगरातलं पुन्हा लावून बघा, कात्री मी लपवून ठेवीन. म्हणून विचारते. पुढच्या महिन्याच्या सतराला येऊ का? येईन ती बसनेच. किती ठोंब देता येतील ते कळवा, म्हणजे तेवढी पोती घेऊन येते.

बागवाली

*

२० सप्टेंबर

बागवाली,

हवा लिहीत नाही. आल्यावर तूच वाच.

पारा दाराच्या उजव्या हाताला टांगलेला आहे. दाबाचा आकडा कसा बघायचा ते शिकवते, अवघड नाही. राहशील तितके दिवस सकाळ-संध्याकाळ वहीत तू लिहायचंस. परत जायच्या दिवशीही तूच बघायचंस. निघते म्हणालीस तर मी निघ म्हणेन, राहते म्हणालीस तर ताट वाढीन. हवेबद्दल तुझ्यापुढे मी तोंड उघडणार नाही.

तुझं पत्र येईपर्यंत मी रोज टपालाच्या गाडीला सामोरी जात होते. गाडीवाला लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. परवा त्याने गाडी मध्येच थांबवली आणि पाकीट घेऊन पळत आला. राग आहे म्हणालीस ते बरं केलंस. तो असू दे. माझाही माझ्यावर आहे, दोघींचा मिळून सांभाळू.

उतारावरच्या अकरा खड्ड्यांत जो तिसरा हिस्सा ठेवला होता, तो हातभर वाढला आहे. त्यातला एक खणू. अर्धा त्याच्या दगडापाशी लावू, अर्धा दारात. दारातला खड्डा मी बुजवलेला नाही, येताना पाय जपून टाक. कुंडीतला तुझा ठोंब घेऊन ये. मेलेला असला तरी तो तिथलाच आहे, खड्ड्याच्या तळाशी घालू आणि त्याच्यावर नवा लावू. धागा सोडू नकोस.

तुझ्या चौकाचं पुढच्या वर्षी बघू. गवत कुठे जात नाही.

त्याची कुदळ इथेच राहिली आहे. भिंतीला टेकवून ठेवली होती तशीच आहे, तुला वाकावं लागणार नाही एवढी तिची दांडी लांब आहे. कुंडी मांडीवर घेऊन बस, म्हणजे बसमध्ये हिसके बसणार नाहीत.

पोती मात्र एकही आणू नकोस.

आई